मॉसप खाटकाकडचे ससे

क्लिफर्ड मॉसपला सशाबद्दल सगळं माहीत होतं. फक्त ससा मेलेला असायला हवा.

इंग्लंडातल्या मेरीपोर्टच्या बाजाररस्त्यावर त्याचं मटणाचं दुकान होतं, आणि त्याच्या आधी ते त्याच्या बापाचं होतं. थंडी पडली की दाराच्या आकड्यांना सशांच्या जोड्या उलट्या टांगलेल्या असायच्या. कुठला कोवळा आणि कुठला जून, हे क्लिफर्ड नुसती कानाची कड चिमटीत धरून सांगायचा. कातडं तो एका ओढीत काढायचा, पोराच्या अंगातून ओला सदरा काढावा तसं. एखाद्या बाईनं ‘ह्यात किती माणसांचं होईल?’ असं विचारलं, तर तो आधी तिचा नवरा डोळ्यांपुढे आणायचा आणि मगच आकडा सांगायचा. मग गावाबाहेर मोठं सुपरमार्केट झालं आणि काही वर्षांनी क्लिफर्डनं दुकान बंद केलं. आता त्या जागी बायकांची नखं रंगवून मिळतात. “आपण नखं काढून द्यायचो, हे रंगवून देतात,” एवढंच तो त्यावर म्हणाला.

त्याच्या शेजारी भिंतीला भिंत लावून आयव्ही पॅटिन्सन राहायची. वय ऐंशीच्या पुढे, नवरा कधीच गेलेला. बुटांच्या कारखान्यात तिनं उभा जन्म काढला होता. चाळीस वर्षं तिनं क्लिफर्डकडून मटण नेलं, पण दाराला ससे टांगलेले असले की ती दुकानात पाऊल टाकायची नाही. रस्त्याच्या पलीकडे उभी राहून ओरडून सांगायची, “क्लिफर्ड, अर्धा पौंड सॉसेज, आणि चरबी नको.” क्लिफर्ड पुडकं बांधून रस्ता ओलांडून नेऊन द्यायचा. ह्यावरून दोघांत कधी वाद झाला नाही. पाऊस असला तरी ही पद्धत मोडली नाही.

आयव्हीनं आयुष्यभर ससे पाळले. आताचे दोन म्हणजे मिस्टर बेल आणि डोरा. डोरा तपकिरी, गुबगुबीत, गरीब स्वभावाची. मिस्टर बेल राखाडी, कानानं लांब आणि कायम कपाळाला आठी पडल्यासारखा. कारखान्यात बेल नावाचा एक मुकादम होता, त्यानं तीस वर्षं आयव्हीला घड्याळ दाखवलं होतं. तो वारला त्या वर्षी तिनं ह्या सशाचं नाव ठेवलं. रोज संध्याकाळी त्याला खुराड्यात घालून कडी लावताना ती म्हणायची, “चला मिस्टर बेल, पाळी संपली.”

त्या फेब्रुवारीत खुराड्यातलं पाणी गोठलं म्हणून आयव्ही कोमट पाण्याचं भांडं घेऊन परसात आली, बर्फावर घसरली आणि तिचा खुबा मोडला. आवाज ऐकून क्लिफर्डनं भिंतीवरून डोकावलं, त्याची बायको मेविस हिनं अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. स्ट्रेचरवर बांधलेली आयव्ही घराबाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता, पण तोंड शाबूत होतं.

“क्लिफर्ड, ससे.”

“दिसले.”

“दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. गवत कायम पुढ्यात हवं, संध्याकाळी पाला. पाणी गोठू द्यायचं नाही.”

“बरं.”

“आणि त्यांच्यासमोर सुरीला धार लावायची नाही.”

“दुकान बंद करून नऊ वर्षं झाली, आयव्ही.”

“दुकान बंद झालंय. तुला मी ओळखते,” आयव्ही म्हणाली, आणि अ‍ॅम्ब्युलन्सचं दार लागलं.

खुराडं भिंतीवरून अलीकडे आणायला जॉस रौटलेज आला. जॉस म्हणजे बस चालवून निवृत्त झालेला क्लिफर्डचा मित्र. दोघं बाउल्स क्लबात हिरवळीवर लाकडी गोळे घरंगळवायला जायचे. क्लिफर्ड गोळे बरे टाकायचा, जॉस टोमणे बरे टाकायचा.

“कधी आहे जेवण?” त्यानं खुराडं खाली ठेवता ठेवता विचारलं. “कांदे मी आणतो.”

“आयव्हीचे आहेत.”

“मग आयव्हीला एक तंगडी पाठवू हॉस्पिटलात.”

हे दोन दिवसांत क्लबभर झालं. क्लिफर्ड हिरवळीवर उभा राहिला की कुणीतरी मागून विचारायचंच, “काय क्लिफ, वजन धरतायत का?” क्लिफर्ड म्हणायचा, “धरतायत.” ते खरंही होतं.

मिस्टर बेलचं आणि त्याचं मात्र जमेना. क्लिफर्ड परसात आला की तो मागचा पाय फळीवर आपटायचा. धप. पुन्हा धप. डोराला आत ढकलून स्वतः दारात बसायचा.

“त्याला वास येतो रे,” जॉस म्हणाला. “चाळीस वर्षांचा वास आहे, साबणानं जातो होय?”

क्लिफर्डनं त्या दिवशी दोनदा हात धुतले. फरक पडला नाही. पाय आपटला गेलाच.

दोन आठवड्यांचे दोन महिने झाले. आयव्हीचा खुबा जोडला, पण ती उभी राहीना, आणि तिला वृद्धाश्रमात हलवलं. क्लिफर्ड सशांच्या बाबतीत हळूहळू शहाणा होत गेला. सशाचे दात मरेपर्यंत वाढत राहतात, म्हणून त्याला दिवसभर वाळकं गवत चघळायला लागतं. जास्त गाजरं घातली की पोट बिघडतं. एक दिवस जरी ससा जेवला नाही, तरी जिवावर बेतू शकतं. ह्यातलं काहीही त्याला माहीत नव्हतं. त्याच्याकडे येणाऱ्या सशांचं जेवण आधीच संपलेलं असायचं.

जुलैमध्ये आयव्हीच्या बंद घराच्या दारात जनावरांच्या दवाखान्याचं कार्ड येऊन पडलं. मिस्टर बेल आणि डोरा यांची वर्षाची लस टोचायची वेळ झाली आहे, असं त्यावर होतं. क्लिफर्ड कार्ड खिशात घालून दवाखान्यात गेला, किंमत ऐकली, आणि कार्ड तसंच खिशात घालून घरी आला.

“किती?” मेविसनं विचारलं.

“पंचेचाळीस पौंड.”

“दोघांचे?”

“एकाचे. आणि ही पहिली सुई. आता नवीन रोग निघालाय, त्याची दुसरी. ती चाळीस.”

मेविसनं चहाचा कप खाली ठेवला. “आपल्याला फ्लूची सुई फुकट टोचतात.”

“तेच म्हणालो मी त्या काउंटरवरच्या पोरीला. ती म्हणाली, सशांना पेन्शन नसते.”

“पेन्शन नसते तर पैसे कुठून आणायचे त्यांनी?”

“एवढ्या पैशात माझा बाप शंभर ससे आणायचा.”

“मेलेले,” मेविस म्हणाली. “मेलेल्याला लस लागत नाही. आयव्हीला विचार. ससे तिचे, पैसे तिचे.”

रविवारी दोघं आयव्हीला भेटायला गेले. ती खिडकीशी खुर्चीत बसली होती. गुडघ्यांवर शाल, आणि केस कुणीतरी चुकीच्या बाजूला विंचरलेले. मेविसनं आधी ते नीट केले. क्लिफर्डनं लसीची गोष्ट काढली.

“डेरेकला सांगू नकोस,” आयव्ही लगेच म्हणाली. डेरेक तिचा मुलगा, कार्लाईलला राहायचा. आईचे पैसे आता तोच बघायचा, आणि त्यातले बहुतेक ह्या आश्रमात जायचे. “तो म्हणेल, म्हातारे ससे आहेत, सोडून दे.”

“कुठे सोडून दे?”

“त्यालाच ठाऊक. भूगोल कच्चाच होता त्याचा.” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मी घरी आले की माझी मी टोचून आणीन. मी कधी चुकवली नाही एकही.”

क्लिफर्ड ‘बरं’ म्हणाला. ती घरी येणार नाही हे त्या खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. परत येताना बसमध्ये मेविसनं विचारलं, “मग?” क्लिफर्ड म्हणाला, “बघू.” क्लिफर्डच्या ‘बघू’चा अर्थ मेविसला पन्नास वर्षं माहीत होता. ‘बघू’ म्हणजे नाही, फक्त आज नाही म्हणायचं नाही.

ऑगस्ट संपत आला तेव्हा तो एका सकाळी गावामागच्या, समुद्रावरच्या चढावर पाला खुडायला गेला. पिवळ्या फुलांच्या रानरोपाची दुधाळ पानं डोराला फार आवडायची आणि ती फुकट होती. पिशवी अर्धी भरली असेल, तेवढ्यात पायवाटेच्या मधोमध त्याला एक रानससा बसलेला दिसला. क्लिफर्ड जवळ गेला. ससा पळाला नाही. त्याचे डोळे सुजून मिटले होते, डोकं भोपळ्यासारखं फुगलं होतं, आणि माणसाची चाहूल लागल्यावर तो नुसता एकदा नाक हलवून तिथेच बसला.

हे क्लिफर्डनं आधी पाहिलं होतं. तो दहा वर्षांचा असताना ही साथ पहिल्यांदा आली होती. लोक तिला मिक्सी म्हणतात. त्या उन्हाळ्यात शेताच्या बांधाबांधावर असे आंधळे ससे बसलेले असायचे, शेकड्यांनी. त्याचा बाप फावडं घेऊन निघायचा आणि संध्याकाळी न बोलता परत यायचा. पुढे कितीतरी दिवस गावात कुणी ससा विकत घेतला नाही. बापानं दाराचे आकडे काढून ठेवले होते.

क्लिफर्डनं पिशवी खाली ठेवली. सशाला मागच्या पायांनी उचललं आणि हाताच्या कडेनं मानेवर एकच फटका मारला. हात काहीही विसरला नव्हता. मग तो मेलेला ससा हातात धरून, उन्हात, बराच वेळ उभा राहिला. दुकानात एवढा वेळ त्यानं कुठल्याही सशाला दिला नव्हता.

मग तो भराभर कामाला लागला. ससा काट्यांच्या जाळीखाली खोल पुरला. खुडलेला पाला तिथेच टाकला. घराच्या फाटकाशी बूट काढले, मोज्यांवर आत आला आणि थेट मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले.

“बूट कुठे आहेत?” मेविसनं विचारलं.

“बाहेर. हात लावू नकोस. वर मिक्सी आलीय.”

मेविसनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग तिनं धुण्याची मोठी टोपली रिकामी केली, तळाशी जुना टॉवेल घातला आणि कपाटातल्या डब्यातून नोटा काढल्या. “दोन्ही सुयांचे आहेत का एवढे?” ती पुटपुटली. “नाहीत. एकीचे आहेत. चल.”

दवाखान्यात बसायला पाच खुर्च्या होत्या आणि पाचही भरलेल्या. टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या क्लिफर्डला सगळ्यांनी ओळखलं. एका बाईनं आपली मांजराची पेटी दुसऱ्या बाजूला सरकवली. तेवढ्यात काउंटरवरची मुलगी मोठ्यानं पुकारती झाली, “मिस्टर बेल मॉसप! डोरा मॉसप!”

क्लिफर्ड उठला. “नाव पॅटिन्सन आहे,” तो म्हणाला.

“पण आणलंय तुम्ही,” ती म्हणाली.

आत फिअरन नावाची तरुण डॉक्टरीण होती. शेतकऱ्याची मुलगी, हात लाल, बाह्या दुमडलेल्या. क्लिफर्डनं मिस्टर बेलला मानगुटीला धरून टेबलावर ठेवलं, तशा त्या म्हणाल्या, “असं नाही. एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली. लटकवलं तर तो लाथ मारतो आणि स्वतःचाच कणा मोडून घेतो.”

“मी आयुष्यभर लटकवूनच ठेवले,” क्लिफर्ड म्हणाला.

“ते लाथ मारत नसत,” फिअरनबाई म्हणाल्या आणि त्यांनी मिक्सीची सुई टोचली. मिस्टर बेलनं टेबलावर पाय आपटला.

त्यांनी दात बघितले, नखं कापली, खुराड्याला बारीक जाळी लावायला सांगितली. मिक्सी डासांनी आणि पिसवांनी येते. नवा रोग त्याहून वाईट. तो बुटांना चिकटून येतो, पाल्यावर बसून येतो, आणि रात्री धडधाकट दिसणारा ससा सकाळी मेलेला सापडतो. त्याची सुई दोन आठवड्यांनी.

“चाळीस पौंड,” क्लिफर्ड म्हणाला.

“त्याचं काय आहे, मिस्टर मॉसप, ती लस मोठ्या बाटलीत येते. पुष्कळ सशांना पुरेल एवढी. एकदा बूच टोचलं की दोन तासांत संपवावी लागते, उरली की मोरीत. दोन सशांसाठी बाटली फोडली तर मला परवडत नाही. एका सकाळी वीस-पंचवीस ससे आले, तर मी पंधरात टोचीन.”

क्लिफर्डनं मान हलवली. हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. अख्खं जनावर कापायचं आणि गिऱ्हाईक दोनच, म्हणजे काय, हे तो लहानपणापासून जाणत होता.

“वीस-पंचवीस ना?” तो म्हणाला. “बाटली मागवून ठेवा.”

सशाचं गिऱ्हाईक कुठे आहे हे शोधायचं तर घरोघरी जायला हवं होतं. क्लिफर्डला गावातलं प्रत्येक घर ठाऊक होतं. कुठे रविवारी गोमांस शिजायचं, कुठे नुसती कलेजी, हे तो झोपेत सांगू शकला असता. दुसऱ्या दिवशी स्वच्छ सदरा घालून त्यानं पहिलं दार वाजवलं. दार उघडणाऱ्या टायसनबाई पूर्वी दर शुक्रवारी दुकानात यायच्या.

“नमस्कार,” क्लिफर्ड म्हणाला. “तुमच्याकडे ससा आहे असं ऐकलं.”

टायसनबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या हातांकडे पाहिलं. “नाही,” त्या म्हणाल्या आणि दार लावलं. मागून कुणीतरी कडीही घातली.

दुसऱ्या घरी ‘आम्ही विकत नाही’ असं सांगितलं. तिसऱ्या घरातली मुलगी त्याला बघून रडायलाच लागली. दुपारपर्यंत क्लिफर्डच्या पदरात एकही ससा पडला नव्हता.

“तू काय विचारतोस दारात?” मेविसनं विचारलं.

“ससा आहे का, म्हणून.”

मेविसनं कपाळावर हात मारला. “अरे माणसा, चाळीस वर्षं ससे सोललेस, आणि आता दारात उभा राहून ‘ससा आहे का’ विचारतोस? मी येते. तू तोंड उघडू नकोस. हातही खिशात ठेव.”

मेविस बोलायची, क्लिफर्ड मागे हात खिशात घालून उभा राहायचा. ती मिक्सीचं सांगायची, बाटलीचं सांगायची, पंचवीस पौंड वाचतात हे दोनदा सांगायची. पंचवीस पौंड ऐकल्यावर लोक क्लिफर्डला विसरायचे. टायसनबाईंनी मात्र मेविसलाही दार उघडलं नाही. नखांच्या दुकानातल्या मुलींनी काचेवर कागद चिकटवू दिला, वर त्यातल्या एकीनं विचारलं, “माझ्या सशाची नखं पण कापतात का हो? माझा धीर होत नाही.”

दोन आठवड्यांनंतरच्या शनिवारी बाउल्स क्लबच्या लाकडी खोलीत लस टोचायचं ठरलं. क्लबानं जागा फुकट दिली, कारण नाही म्हणणारी माणसं सुट्टीवर होती. सकाळी क्लिफर्ड दार उघडायला गेला तर बाहेर रांग लागलेली. खोके, टोपल्या, मांजराच्या पेट्या, एका मुलाच्या जाकिटातून डोकावणारे दोन कान. क्लिफर्डनं एकदा रांगेवरून नजर फिरवली आणि त्याच्या खांद्यात कित्येक वर्षांनी दुकान आलं.

“एकामागून एक! खोकी जमिनीवर ठेवू नका. पैसे मेविसकडे, सुटे आणा. कोण पुढचं?”

फिअरनबाई टोचत होत्या, क्लिफर्ड धरत होता. एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली. सुरुवातीला लोक आपला ससा त्याच्या हातात द्यायला कचरत होते. त्याचे मोठे, थंड डोक्याचे हात ससा असा धरायचे की तो हलायचाच नाही. चौथ्या-पाचव्या सशानंतर लोकांनी कचरायचं सोडलं. सोडलं नाही ते मिस्टर बेलनं. त्याची पाळी आली तेव्हा त्यानं क्लिफर्डच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला.

“अंगठ्याला लस टोचू का?” फिअरनबाईंनी विचारलं.

“किती?” क्लिफर्डनं विचारलं.

रांग संपत आली तेव्हा जॉस रौटलेज आत आला. हातात खेळाच्या लाकडी गोळ्यांची चामडी पिशवी होती, आणि ती हलत होती.

“आज खेळ नाही, जॉस,” क्लिफर्ड म्हणाला.

“माहितीये.” जॉसनं इकडेतिकडे बघितलं, पिशवी उघडली. आत एक पांढरा, छोटा, घाबरलेला ससा होता. “बायकोचा आहे,” तो हळू म्हणाला.

“नाव?”

“नाव कशाला हवंय?”

“कार्डावर लिहायला लागतं,” मेविस म्हणाली.

जॉस मेविसच्या कानाशी वाकला. “राजकन्या,” तो म्हणाला.

क्लिफर्डनं राजकन्येला धरलं, सुई टोचून झाली. पुढे क्लबातही त्यानं हे कधी कुणाला सांगितलं नाही. मात्र त्यानंतर कांद्याचा विषय जॉसनं काढला नाही.

बाटली संपली. दोन तास व्हायच्या आतच संपली. पण पेन्शनमधून गेलेलं भरून काढायला मेविसनं घरात उपाय केले. दवाखान्याच्या महिन्याच्या योजनेत तिनं दोन्ही ससे घातले. म्हणजे लस, दात, नखं सगळं महिन्याला थोडं थोडं भरून सुटतं, एकदम डोक्यावर येत नाही. आणि रविवारचं गोमांस बंद करून खिमा आणायला सुरुवात केली. तोही सुपरमार्केटातला, स्वस्त म्हणून. पहिल्या रविवारी क्लिफर्डनं काटा ताटात फिरवला.

“ह्यात पाणी आहे,” तो म्हणाला.

“आहे. डोराच्या दाढा ठीक आहेत का?”

“आहेत.”

“मग खा.”

त्यानं खाल्लं.

ऑक्टोबरात नवा रोग गावात आला. एके सकाळी दार वाजलं. बाहेर टायसनबाई उभ्या होत्या, हातात दुपटं गुंडाळलेलं. रात्री नीट जेवला होता, त्या म्हणाल्या. सकाळी बघते तर असा. पोरं शाळेतून यायच्या आत काहीतरी करायला हवं, आणि नवरा समुद्रावर बोटीवर. त्यांना दुसरं कुणी सुचलं नव्हतं. “तुम्हाला... तुम्हाला माहीत असतं ना,” एवढंच त्यांना म्हणता आलं.

क्लिफर्डनं त्यांना दाराबाहेरच थांबवलं, कारण मागे परसात खुराडं होतं. हातमोजे घातले आणि त्यांच्याच परसात जाऊन खोल खड्डा खणला. ससा त्यानं दुपट्यासकट पांढऱ्या कागदात बांधला. दुकानातल्या त्या जाड कागदाची एक गुंडाळी त्याच्याकडे अजून होती. कोपरे दुमडून, दोरीची गाठ मारून, नीट. टायसनबाई बघत होत्या.

“त्या दिवशी मी दार लावलं,” त्या म्हणाल्या.

“मीही विचारायला चुकलो,” क्लिफर्ड म्हणाला. “उरलेल्या गवताला पोरांना हात लावू देऊ नका. खुराडं धुवून उन्हात ठेवा.” मग घरी येऊन त्यानं बूट बाहेर काढले आणि कपडे थेट धुण्यात टाकले.

आयव्हीच्या आश्रमात जनावरांना यायला परवानगी होती, फक्त लस टोचल्याचं कार्ड दाखवावं लागायचं. नाताळच्या आधी क्लिफर्ड आणि मेविस टोपली घेऊन गेले. आयव्ही बरीच वाळली होती. मिस्टर बेलला तिच्या मांडीवर ठेवलं तर त्यानं तिच्या बाहीत नाक खुपसलं आणि तिथेच पसरला. आयव्हीनं त्याच्या पाठीवरून, पोटावरून हात फिरवला.

“लठ्ठ केलास ह्याला.”

“गवतच खातो.”

“खोटं बोलू नकोस. बिस्किटाचा वास येतोय.” मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, “टोचलंस?”

“दोन्ही.”

“डेरेकला कळलं?”

“नाही.”

“बरं झालं,” आयव्ही म्हणाली आणि तिनं मिस्टर बेलला सांगितलं, “बघा, खाटकानं पैसे भरले तुमचे.” त्यानंतर ती डुलकी घेऊ लागली. क्लिफर्डला टोपली आवरायची होती, पण ससाही झोपला होता, म्हणून ते दोघं चहाची वेळ होईपर्यंत तसेच बसून राहिले.

असं दीड वर्ष चाललं. पुढच्या वर्षीच्या शनिवारच्या रांगेला वर्किंग्टनहूनही माणसं आली. त्यानंतरच्या वसंतात, एका गुरुवारी पहाटे, आयव्ही झोपेत गेली.

अंत्यविधीनंतर क्लबाच्या खोलीत चहा आणि हॅमचे सँडविच होते. डेरेक पॅटिन्सन सगळ्यांशी हात मिळवत क्लिफर्डपाशी आला. चांगला माणूस होता, फक्त दमलेला.

“तुम्ही फार केलंत आईच्या सशांचं,” तो म्हणाला. “तिनं मला शेवटी शेवटी सांगितलं. तुमचा खर्चही झाला असेल.”

“झाला.”

“किती ते सांगा, प्लीज.”

असं कुणी विचारलं की काय म्हणायचं असतं, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. ‘छे छे, त्यात काय’ असं म्हणायचं असतं. क्लिफर्डला आकडा पाठ होता. त्यानं तो पेन्सपर्यंत सांगितला.

डेरेकची भुवई किंचित वर गेली. मग त्यानं चेकबुक काढलं, भिंतीला टेकून चेक लिहिला आणि दिला. क्लिफर्डनं तो वाचून पाहिला, घडी घालून आतल्या खिशात ठेवला. “ससे मी घेऊन जाऊ का?” डेरेकनं विचारलं. “कार्लाईलला एक संस्था आहे, ती ठेवून घेते.”

“नको,” क्लिफर्ड म्हणाला.

घरी चालत जाताना मेविसनं कोपऱ्यावर विषय काढला.

“घेतलेस तू पैसे,” ती म्हणाली. “मेलेल्या बाईच्या मुलाकडून. हॅम खाता खाता.”

“घेतले.”

“मला वाटलं होतं, नाही म्हणशील.”

“का म्हणू? तिचे ससे होते, तिचा खर्च होता. कधी एक सुई चुकवली नाही म्हणायची, मग शेवटच्या आठ तरी माझ्या पैशानं कशाला?” क्लिफर्ड चालतच होता. “तो गुरुवारपर्यंतचा हिशेब आहे. गुरुवारपासून आपले.”

मेविसनं त्याच्या कोटाच्या बाहीत हात घातला. पुढच्या वळणावर ते घराकडे न वळता दवाखान्याकडे वळले. काउंटरवरची मुलगी तीच होती. क्लिफर्डनं दोन्ही कार्डं तिच्यापुढे ठेवली आणि पॅटिन्सन खोडून मॉसप लिहायला सांगितलं. ती म्हणाली, संगणकात ते पहिल्या दिवसापासून तसंच आहे.

घरी आल्यावर क्लिफर्डनं काळा कोट काढून ठेवला आणि गवत घेऊन परसात गेला. मिस्टर बेलनं फळीवर पाय आपटला.